मॉरिशस: 'सेवा क्षेत्र ७५ टक्के' या आकड्याच्या आत काय काय आहे?

रोजकीर्द (धागाकर्ता)

मॉरिशसवरचं कुठलंही आर्थिक टिपण उघडा, पहिल्याच परिच्छेदात तेच सापडतं: शेती ४ टक्क्यांच्या आसपास, उद्योग-बांधकाम विशीच्या घरात, सेवा सुमारे ७५ टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, ऊस सोडून सेवांवर आलेला देश, विषय संपला. पण या आकड्यावरून देश चालतो कसा हे कळतच नाही, म्हणून हा धागा.

सेवांमध्ये सगळंच मोजलं जातं: दुकानदारी, शाळा, सरकारी कचेऱ्या, बसवाहतूक, दवाखाने, एवढंच काय, स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं मानीव घरभाडंसुद्धा (तेच घर भाड्याने घेतलं असतं तर द्यावं लागलं असतं ते). यातल्या बहुतेक सेवा परकीय चलन आणत नाहीत. आणि मॉरिशसचा खरा प्रश्न परकीय चलनाचाच आहे. २,०४० चौरस किलोमीटर जमीन, साडेबारा लाखांच्या आसपास लोक. पेट्रोल, कोळसा, गहू, तांदूळ, औषधं, गाड्या, यंत्रं, कपड्यांसाठी लागणारा कापूस, सगळं जहाजातून पोर्ट लुईला उतरतं. वस्तूंच्या व्यापारात कायमची मोठी तूट. ती भरून कोण काढतं ते बघायचं.

भरून काढणारे साधारण असे: पर्यटन, ऑफशोअर वित्तसेवा (परदेशी कंपन्या इथे नोंदवून त्यांचा पैसा इथून फिरवण्याची सेवा), परदेशी ग्राहकांसाठीची कॉल सेंटर आणि सॉफ्टवेअरची कामं, परदेशी लोकांना विकलेले बंगले. शिवाय कपडे, साखर आणि डबाबंद टूना, म्हणजे 'सेवा' नसलेले तिघे.

माझं म्हणणं एवढंच की यातला जवळजवळ प्रत्येक खांब दुसऱ्या कुणाच्या तरी नियमावर उभा राहिला. साखर युरोपच्या कोट्यावर, कपडे जागतिक वस्त्रकराराच्या फटीवर, ऑफशोअर भारताशी झालेल्या करारावर. नियम बदलला ब्रसेल्समध्ये किंवा दिल्लीत, आणि हिशेब बिघडला पोर्ट लुईत. जाणकारांनी एकेक खांब घेऊन लिहावं.

चिपाड

साखरेचं मी घेतो.

१९६८ साली, १२ मार्चला, देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीचं ९० टक्क्यांहून जास्त उत्पन्न साखरेचं होतं. ऊसच का, याचं कारण बेटावरची वादळं. चक्रीवादळात बाकीची पिकं झोपतात, ऊस आडवा पडून पुन्हा उभा राहतो.

१९७५ च्या लोमे कराराबरोबर (युरोप आणि आफ्रिका-कॅरिबियनकडच्या देशांमधला व्यापार-सवलतींचा करार) साखरेचा स्वतंत्र प्रोटोकॉल, म्हणजे जोडकरार झाला. त्यात मॉरिशसला युरोपात दरवर्षी पाच लाख टनांच्या आसपास साखर हमी दराने विकता येई. हा दर युरोपातल्या बीटवाल्या शेतकऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून ठरायचा, त्यामुळे बहुतेक वर्षं जागतिक बाजारापेक्षा खूपच चढा असे. मुद्दा नीट लक्षात घ्या: मॉरिशसचा उत्पादनखर्च ब्राझीलच्या तोडीचा कधीच नव्हता. दगडाळ जमीन, उतार, छोटे तुकडे, यंत्राने तोडणी करायची तर आधी शेतातले दगड उपसावे लागतात. हमी दर होता तोवर हे सगळं झाकलं गेलं.

२००६ पासून चार वर्षांत युरोपने दर ३६ टक्क्यांनी उतरवला आणि सप्टेंबर २००९ अखेर प्रोटोकॉलच संपला. सप्टेंबर २०१७ अखेर युरोपातल्या बीट साखरेवरचा कोटाही गेला, म्हणजे उरलीसुरली आडही गेली.

मग काय केलं? कामगारांसाठी २००१ पासून स्वेच्छानिवृत्ती: रोख रक्कम आणि जमिनीचा छोटा तुकडा. कारखाने एकत्र करत करत आता तीनच उरले. कच्ची साखर पाठवणं कमी करून तिथेच शुद्धीकरण, आणि डेमेरारा, मस्कोवाडोसारखी खास साखर, तिला वेगळा दर मिळतो. शिवाय सहवीजनिर्मिती. जून ते डिसेंबर गाळप हंगामात बॉयलरमध्ये चिपाड जळतं, हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये आयात कोळसा. आपल्याकडच्या टिपणांत याला सरसकट 'हरित वीज' म्हणून टाकतात, अर्धं वर्ष ती कोळशाची असते हे कुणी लिहीत नाही.

एकेकाळी सात लाख टनांपर्यंत गेलेलं साखर उत्पादन आता दोन लाखांच्या थोडं वर आलंय. लहान शेतकऱ्याने रानं पडीक टाकली, कारण तोडणीला माणूस मिळत नाही आणि यंत्र त्याच्या तुकड्यात वळत नाही.

सुतावरून

@चिपाड, उत्तम. कापडाचं थोडक्यात, कारण यातली गंमत नियमाच्या बारकाव्यात आहे.

१९७० चा निर्यात प्रक्रिया क्षेत्र कायदा. 'क्षेत्र' म्हटलं की कुंपण घातलेली वसाहत डोळ्यांपुढे येते. मॉरिशसमध्ये कुंपणच नव्हतं. कारखान्याला दाखला मिळाला की तो बेटावर कुठेही असो, कच्चा माल आणि यंत्रं शुल्कमुक्त. त्यामुळे कारखाने गावागावांत गेले आणि घराबाहेर कामाला कधी न गेलेल्या बायकांना चालत जाता येईल अशा अंतरावर नोकरी मिळाली. १९९० च्या सुमारास या कारखान्यांत ९० हजारांच्या आसपास लोक होते. त्या वेळच्या लोकसंख्येत ही संख्या प्रचंड.

भांडवल हाँगकाँगहून का आलं? बहुतंतू वस्त्रकराराखाली प्रत्येक देशाला अमेरिका-युरोपात निर्यातीची मर्यादा होती. हाँगकाँगचा कोटा भरलेला, मॉरिशसचा मोकळा. शिवाय युरोपात शुल्कमाफी मिळायला 'दुहेरी प्रक्रिया' लागायची: सुतापासून कापड आणि कापडापासून कपडा, दोन्ही टप्पे त्याच देशात. मागावरच्या कापडाच्या शर्टासाठी म्हणजे मोठी कापड गिरणी टाकणं आलं. पण स्वेटरचं तसं नाही. बाहेरून लोकर आणा, पाठ-पोट-बाह्यांचे भाग यंत्रावर विणा, जोडा, झाले दोन्ही टप्पे. म्हणून लोकरीसाठी मेंढ्या न पाळणारा देश लोकरी स्वेटरांचा मोठा निर्यातदार झाला.

१ जानेवारी २००५ ला कोटा पद्धत संपली. ज्यांचा धंदा फक्त मोकळ्या कोट्यावर होता ते निघून गेले. ज्यांनी सूतकताई, रंगाई आणि लहान ऑर्डर लवकर पुरवण्याची सोय आधीच उभी केली होती ते राहिले.

घाटमाथा

सगळे खांब 'दुसऱ्याच्या नियमावर' हे म्हणणं मला अपुरं वाटतं. लोमेची सवलत आफ्रिका-कॅरिबियनमधल्या कितीतरी देशांना होती. त्यातल्या किती देशांचं मॉरिशस झालं?

फरक पुढच्या पायरीत आहे. १९७४-७५ ला साखरेचे भाव भडकले तेव्हा साखर कारखानदार घराण्यांच्या हातात आलेला पैसा देशाबाहेर न जाता मोठ्या प्रमाणात या नव्या कापड कारखान्यांत आणि पुढे हॉटेलांत गुंतला. म्हणजे निर्यात क्षेत्रातलं भांडवल निव्वळ परकीय कधीच नव्हतं. सरकारने साखरेवर निर्यात कर लावून शिक्षण, आरोग्य आणि सार्वत्रिक निवृत्तिवेतन चालवलं. तो कर १९९४ ला काढला. सवलत बाहेरून आली हे खरं, पण तिचा पैसा कुठे मुरवायचा हे ठरलं देशातच.

नोबेल मिळालेले जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात लोकसंख्यावाढीमुळे या बेटाचं भवितव्य अंधारं रंगवलं होतं. त्यांचं रोगनिदान बरोबर होतं: एक पीक, वाढती माणसं, कमी जमीन. कामगारांना काम देणारे हलके उद्योग काढा हे त्यांनीच सुचवलं होतं. तरी सगळीकडे 'मीड चुकले' एवढंच छापतात.

रोजकीर्द

@घाटमाथा, मान्य, पण पैसा देशात मुरवला तरी खांब बदलायची वेळ बाहेरूनच ठरत आली. ऑफशोअरला हे सगळ्यात जास्त लागू पडतं. त्यावर कुणी लिहील का? नेमकं कसं चालायचं ते हवंय, 'टॅक्स हेवन' एवढ्या शब्दावर भागवू नका.

खतावणी

घ्या, पायरीपायरीने.

भारत आणि मॉरिशसचा दुहेरी कर टाळण्याचा करार १९८२ चा. त्यात शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावायचा हक्क विकणारा जिथला रहिवासी त्या देशाला. विकणारी कंपनी मॉरिशसची असेल तर हक्क मॉरिशसचा, आणि मॉरिशसमध्ये भांडवली नफ्यावर करच नाही. दहा वर्षं हे कलम झोपून होतं. १९९१ नंतर भारताने परकीय गुंतवणुकीला दार उघडलं, १९९२ ला मॉरिशसने ऑफशोअर कायदा केला, आणि दोन्ही जुळलं.

पुढे कागदोपत्री पद्धत अशी बसली: परवानाधारक मॅनेजमेंट कंपनीमार्फत ग्लोबल बिझनेसचा परवाना, मॉरिशसचे रहिवासी असलेले किमान दोन संचालक, मुख्य बँक खातं तिथेच, हिशेबाची दप्तरं तिथल्या नोंदणीकृत कार्यालयात, लेखापरीक्षण तिथेच. मग तिथल्या कर खात्याकडून रहिवासाचा दाखला. भारताच्या प्रत्यक्ष कर मंडळाने २००० साली परिपत्रक काढून हा दाखला पुरेसा मानला आणि २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. एप्रिल २००० पासूनची बेरीज घेतली तर भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीत सुमारे पाव हिस्सा मॉरिशसमार्गे आलेला दिसतो. त्यात भारतातलाच पैसा फिरून आला किती, हा जुना वाद.

१० मे २०१६ ला करार बदलला. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांवर भारत कर लावणार, मधली दोन वर्षं निम्म्या दराने. आधी घेतलेले शेअर वाचले. इथे एक गोष्ट बऱ्याच लेखांत सुटते: बदल फक्त शेअरांपुरता होता. डेरिव्हेटिव्ह (शेअरच्या भावावर बेतलेले सौदे) आणि रोख्यांच्या विक्रीचा नफा जुन्याच कलमाखाली राहिला आणि व्याजावरची करकपात ७.५ टक्क्यांवर ठरली. म्हणून सगळे फंड एका रात्रीत सिंगापूरला पळाले नाहीत. मार्च २०२४ ला 'मुख्य हेतू' (करसवलत मिळवणं हाच व्यवहाराचा एक मुख्य हेतू होता का) तपासायचं कलम घालणाऱ्या मसुद्यावरही सह्या झाल्या.

करदराचं गणित: कंपनी कर १५ टक्के. ठराविक परदेशी उत्पन्नाचा ८० टक्के भाग माफ. १०० रुपयांतले २० करपात्र, त्यावर १५ टक्के, म्हणजे ३ रुपये. माफी मिळवायला खरं काम मॉरिशसमध्ये चालतं हे दाखवावं लागतं: पुरेशी माणसं, पुरेसा खर्च.

आडवा_प्रश्न

मग या पैशाचा मॉरिशसच्या सामान्य माणसाला उपयोग काय? तो तर नुसता येऊन जातो.

खतावणी

बराचसा येऊन जातो, खरंय. देशात राहतं ते एवढं: वकील, हिशेबनीस, संचालक, बँका यांची फी आणि पगार, परवाना शुल्क, कर. आणि बँकांतल्या ठेवी. या ठेवींवरूनच लोक फसतात. बँकिंग क्षेत्र डॉलरने ओसंडून वाहतंय असं ताळेबंदात दिसतं, पण ते डॉलर परदेशी कंपन्यांचे. धान्य आयात करणाऱ्याला ते विकायचे की नाही हे तो ठेवीदार ठरवणार. त्यामुळे बँकांत विदेशी ठेवी भरपूर आणि आयातदार डॉलरसाठी रांगेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दुसरा धोका प्रतिष्ठेचा. फेब्रुवारी २०२० ला एफएटीएफ या काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मॉरिशसला करड्या, म्हणजे जादा देखरेखीच्या यादीत टाकलं, ऑक्टोबर २०२१ ला काढलं. त्या काळात युरोपीय संघानेही आपल्या धोक्याच्या यादीत नाव घातलं. अशा वेळी ठेवी रातोरात जात नाहीत, पण पलीकडच्या बँका प्रत्येक व्यवहाराला जादा कागद मागतात आणि नवा फंड दुसरीकडे नोंदवला जातो.

भरतीओहोटी

पर्यटनाचं. इथे सरकारी पत्रकांतला एक आकडा सोलून दाखवतो.

२०१९ ला पर्यटक सुमारे १३.८३ लाख, उत्पन्न सुमारे ६३ अब्ज मॉरिशस रुपये. २०२४ ला पर्यटक जवळजवळ तेवढेच, १३.८ लाख, उत्पन्न सुमारे ९३ अब्ज. मथळा: 'विक्रमी उत्पन्न'. रुपयांत वाढ जवळपास ४८ टक्के.

आता माणशी काढा: ४५,५०० वरून ६७,३०० रुपये. डॉलरचा भाव २०१९ ला सुमारे ३६ रुपये, २०२४ ला ४६ च्या आसपास. म्हणजे माणशी १,२६५ डॉलरवरून १,४६० डॉलर. वाढ उरली पंधरा-सोळा टक्के. त्याच पाच वर्षांत अमेरिकेतली महागाई वीस टक्क्यांहून जास्त. पर्यटक बहुतांशी युरोवाले आहेत हे धरून युरोत मोजलं तरी चित्र फारसं हलत नाही. विक्रम झाला तो बराचसा रुपया घसरल्यामुळे.

शिवाय हे ढोबळ उत्पन्न. हॉटेलातलं मांस, चीज, वाइन, लिफ्टचे सुटे भाग, एसी, सगळं आयात. परदेशी साखळीची व्यवस्थापन फी बाहेर जाते. पर्यटनाचं निव्वळ योगदान बघायचं तर उत्पन्नातून हे वजा करावं लागतं, आणि जाहिरातवजा टिपणांत ते कधीच नसतं.

हा खांब किती ठिसूळ ते २०२० ने दाखवलं: सीमा बंद, पर्यटक तीन लाखांवर, जीडीपी सुमारे १५ टक्क्यांनी खाली. त्यातच जुलैच्या अखेरीस वाकाशिओ जहाज आग्नेयेकडच्या प्रवाळकड्यावर चढलं आणि ऑगस्टमध्ये हजारेक टन तेल खाजणात सांडलं. राष्ट्रीय विमान कंपनी एप्रिलमध्येच प्रशासकाच्या ताब्यात गेली होती.

आडवा_प्रश्न

जागतिक बँकेने तर 'उच्च उत्पन्न देश' म्हटलं होतं ना?

रोजकीर्द

एक वर्ष. जुलै २०२० ची यादी २०१९ च्या उत्पन्नावर असते. उंबरठा १२,५३५ डॉलर माणशी, मॉरिशस १२,७४०. जुलै २०२१ ला पुन्हा खाली, उच्च-मध्यम गटात. ज्या महिन्यात बढती जाहीर झाली त्या महिन्यात हॉटेलं रिकामी होती. वर्गवारी नेहमी मागच्या वर्षाची असते, हे टिपणाच्या तारखेबरोबर ताडून बघत चला.

खतावणी

@भरतीओहोटी, रुपया घसरला त्यामागचं एक कारण मध्यवर्ती बँकेच्या वहीत आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात बँक ऑफ मॉरिशसकडून सरकारला ६० अब्ज रुपये दिले गेले, परतफेडीशिवाय. वेगळी एक गुंतवणूक कंपनी काढून तिला ८० अब्ज, त्यातून हॉटेलांसारख्या अडचणीतल्या कंपन्यांचे परिवर्तनीय (पुढे शेअरांत बदलता येणारे) रोखे घेतले. नोकऱ्या वाचल्या हे खरं. पण हा पैसा शेवटी बँकांकडे जादा रोकड म्हणून साचतो. ती शोषायला मध्यवर्ती बँकेला स्वतःची बिलं (अल्पमुदतीचे रोखे) विकावी लागतात आणि त्यावर व्याज भरावं लागतं. शोषलं नाही तर तीच रोकड डॉलरच्या मागे लागते.

अवांतर: सार्वजनिक कर्ज बघताना फक्त केंद्र सरकारचं बघू नका. सरकारी कंपन्यांचं कर्ज आणि अशा खास कंपन्यांमार्फत केलेला खर्च धरला की आकडा बदलतो. डिसेंबर २०२४ ला नव्या सरकारने श्वेतपत्रिकावजा अहवाल काढून आधीच्या काळातले जीडीपीचे आकडे फुगवलेले होते असा आरोप केला. जीडीपी खाली आला की कर्जाचं गुणोत्तर आपोआप वर जातं.

घाटमाथा

बंगल्यांचा विषय राहिला. २००२ पासून परदेशी माणसाला ठराविक प्रकल्पांत घर घेता येतं, सुरुवातीला किमान ५ लाख डॉलरचं. २०२० ला निवासपरवान्याची मर्यादा ३.७५ लाखांवर आणली. जमीन कुठली? मुख्यतः साखर कंपन्यांची, उसाखालची. म्हणजे @चिपाड यांनी सांगितलेल्या पडझडीतून मोठ्या कंपन्या अशा सावरल्या. थेट परकीय गुंतवणुकीच्या आकड्यात आज सगळ्यात मोठा वाटा स्थावर मालमत्तेचा असतो. तो बघून 'गुंतवणूक वाढली' म्हणताना एवढं ध्यानात ठेवा: कारखाना दरवर्षी निर्यात करतो, बंगल्याचे डॉलर एकदाच येतात. नंतर त्यातलं फर्निचर आयात होतं.

नवशिका_वाचक

अशा देशाचं टिपण वाचताना किंवा लिहिताना तक्ते कुठल्या क्रमाने बघावेत?

रोजकीर्द

आधी व्यवहारतोल (देशात आलेल्या आणि बाहेर गेलेल्या पैशांचा हिशेब), मग जीडीपी. वस्तूंची तूट घ्या, सेवांची शिल्लक तिच्यापुढे मांडा, मग प्राथमिक उत्पन्न (व्याज, लाभांश वगैरे). मॉरिशसच्या बाबतीत ऑफशोअर कंपन्या धरून आणि वगळून चित्र वेगळं असतं, त्यामुळे कोणता तक्ता वापरला ते लिहाच. दोन वर्षांची तुलना करताना दोन्ही एकाच प्रकारचे घ्या. नवशिक्याची बेरीज चुकते ती इथेच.

मग परकीय गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरेल. त्यानंतर रोजगार: मूल्यवर्धनात वित्तसेवेचा वाटा मोठा, पण नोकऱ्यांत लहान. कपडा आणि हॉटेलांत उलट. कुठला खांब पडला तर किती घरांना झळ बसेल हे रोजगाराच्या तक्त्यावरून कळतं. क्षेत्रनिहाय टक्केवारी सगळ्यात शेवटी.

सुतावरून

रोजगारात एक भर. कपड्याच्या कारखान्यांत आज मोठ्या संख्येने बांगलादेशी आणि इतर परदेशी कामगार आहेत. बेरोजगारी असूनही, कारण स्थानिक तरुण शिलाई यंत्रावर बसायला तयार नाहीत. पगारातला काही भाग त्यामुळे घरी पाठवला जातो, तो दुय्यम उत्पन्नाच्या (मोबदल्याशिवाय पाठवलेल्या पैशांच्या) ओळीत वजा दिसेल. जन्मदर केव्हाच बदलीच्या पातळीखाली (लोकसंख्या टिकून राहायला लागतो त्याहून खाली) गेलाय, म्हणजे हे वाढणारच. सार्वत्रिक निवृत्तिवेतन महिना १५,००० रुपयांवर गेल्यावर जून २०२५ च्या अर्थसंकल्पात पात्रतेचं वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करायचं जाहीर झालं, आणि लोक रस्त्यावर उतरले ते याच मुद्द्यावर.

आडवा_प्रश्न

आणि चागोसचे पैसे?

खतावणी

२२ मे २०२५ च्या करारानुसार ब्रिटनच्या ताब्यातली चागोस बेटं मॉरिशसची, आणि त्यातल्या दिएगो गार्सियाचा लष्करी तळ ब्रिटनला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. पहिली तीन वर्षं दरवर्षी १६.५ कोटी पौंड, पुढची दहा वर्षं १२ कोटी, नंतर महागाईशी जोडलेली रक्कम. ही ना सेवा निर्यात, ना पर्यटन, भाडं आहे. करार दोन्हीकडून लागू होऊन पैसे खात्यात दिसेपर्यंत नियमित महसुलात धरू नका, आणि धरलेले दिसले तर अर्थसंकल्पातली तूट ती रक्कम वगळून पुन्हा काढा.